सहावी मादी

बाई, गाठ दोनदा मारली आहे. खोलीत आल्या आल्या आधी तेच केलं. पिंजऱ्याच्या कापडी बाहीची नाडी ओढली, एक गाठ मारली, तिच्यावर दुसरी, आणि तुम्ही करायचात तसं बोट आत घालून पाहिलं. बोट जात नाही. पिंजऱ्यात आता एकही डास नाही, तरी मारली. तुम्ही असता तर चष्म्यावरून बघत विचारलं असतंत, "रिकाम्या पिंजऱ्यात कोणाला कोंडून राह्यला रे दत्ता?"

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. कॉलेजात शोकसभा झाली, तीत मीही बोललो. तुमची नोकरी, तुमचे विद्यार्थी, तुमची शिस्त, सगळं नीट सांगितलं. लोकांनी डोळे पुसले. एक गोष्ट तेवढी सांगितली नाही, आणि तीच सांगायला तुम्हाला लिहायला बसलोय. तुम्ही डेंग्यूनं गेलात. तो ज्या डासानं तुमच्या अंगात सोडला तो आपल्याच पिंजऱ्यातला असेल, आणि त्या डासाच्या पोटात तो माझ्या रक्तातून गेला असेल, ही भीती तुमचा रिपोर्ट आला त्या दिवसापासून माझ्या मानगुटीवर बसली आहे. कालपर्यंत नुसती भीतीच होती. आता तुमची वही माझ्यासमोर आहे.

वहीकडे लगेच यायचं धाडस होत नाही. थोडं मागून येतो, चालेल ना?

मी वडीगोद्रीहून बी.एस्सी.ला आलो तेव्हा डासाबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की तो चावतो. तुम्ही पहिल्याच तासाला विचारलंत, मादी रक्त का पिते? मी मागच्या बाकावरून म्हणालो, भूक लागते म्हणून. सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, भूक तर तिची फुलातल्या साखरेवरही भागते, रक्त तिला लेकरांसाठी लागतं. मग फळ्यावर चित्र काढून सांगितलंत, ते मी आजही तसंच शिकवतो. कोशातून बाहेर पडली की पहिले दोन-तीन दिवस एक संप्रेरक तिच्या अंगाला नुसतं तयार करतं. तयारी झाली की ती थांबून राहते, अंडी पुढं वाढत नाहीत. रक्त पोटात गेलं की पहिलं संप्रेरक ओसरतं. मग डोक्यातून एक सांगावा अंडाशयाला जातो, अंडाशयातून दुसरा चरबीला, आणि चरबी रात्रंदिवस राबून अंड्यांसाठी बलक करायला लागते. तीनेक दिवसांत शंभरभर अंडी तयार. आणि ती पिकेपर्यंत ही बया माणसाकडे ढुंकूनही बघत नाही. अंडी घालून मोकळी झाली की पुन्हा भूक, पुन्हा रक्त.

हे शेवटचं वाक्य तेव्हा मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. गेले पंधरा दिवस दुसरं काही डोक्यात नाही.

आपलं भांडण आठवतं का? म्हणजे कोणतं, असं तुम्ही विचाराल. मी इथंच नोकरीला लागल्यावर मुलांसाठी टिपणं काढली होती, त्यांत लिहिलं होतं की मेंदू अंडाशयाला आदेश देतो. तुम्ही लाल पेनानं 'आदेश'वर काट मारलीत. आदेश कलेक्टर देतात म्हणे. मेंदूला तरी कुठं काय ठाऊक असतं, त्याला पोटानं कळवलं म्हणून त्यानं पुढं कळवलं. मी म्हणालो, मग डोकं उडवलं की अंडी का होत नाहीत? तुम्ही म्हणालात, केव्हा उडवलं ते सांग आधी. रक्त प्याल्यावर लगेच उडवलं तर अंडी होत नाहीत, पण काही तास जाऊ दिले आणि मग उडवलं तर बिनडोक्याच्या धडातही अंडी बराबर पिकतात. कारण सांगावा तोवर पोचलेला असतो. मी म्हणालो, म्हणजे एका घडीनंतर कोणीच काही करू शकत नाही, हाच तर आदेश. तुम्ही म्हणालात, तू वकील व्हायला पाहिजे होतास. हे भांडण आपण चहाच्या टपरीवर, स्टेशनच्या रस्त्यावर, तुमच्या सत्यनारायणाच्या पंगतीतसुद्धा चालवलं. तुमचे 'हे', म्हणजे आमचे काका, वैतागून म्हणाले होते, वाढणाऱ्याला भजी विचारू द्या की जरा.

ती घडी नेमकी कोणती, हेच तुम्हाला आपल्या गावच्या डासांमध्ये पाहायचं होतं. पुस्तकातलं सगळं परदेशातल्या प्रयोगशाळांत पिढ्यान्पिढ्या पाळलेल्या डासांचं. तुमचे डास तुमच्याच अंगणातल्या निळ्या ड्रममधले. जालन्यात नळाला पाणी येईल तेव्हा येतं, त्यामुळे प्रत्येक घरात ड्रम आणि प्रत्येक ड्रमात अळ्या. काका ड्रम घासायला निघाले की तुम्ही आडव्या यायचात, आधी मला गाळून घेऊ द्या. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात. तुम्ही आमच्या विभागातली जुनी अंधारखोली मागून घेतलीत. दाराला दुहेरी जाळी लावली, शिंप्याकडून पिंजऱ्याला बाही शिवून घेतली. प्राचार्यांनी दिवाळीनंतर खोली रिकामी करून मागितली, तेव्हापासून तुमचा जीव टांगणीला होता. एकच खेप नीट हाती लागायला हवी होती. तुम्ही हे रोज म्हणायचात.

पाळी लावली होती आपण. मंगळवारी तुमचा हात पिंजऱ्यात, शुक्रवारी माझा. बाहीतून कोपरापर्यंत हात आत घालायचा आणि हलवायचा नाही. तुम्ही त्या वेळी माझ्या आईची चौकशी करायचात, म्हणजे मला खाज आठवू नये. आणि कपाटाच्या दारावर तुमच्या अक्षरात चिठ्ठी होती, अजून आहे: अंगात कणकण असेल त्याने हात घालायचा नाही.

त्या शुक्रवारी सकाळी माझ्या अंगात कणकण होती.

आदल्या संध्याकाळपासूनच सांधे दुखत होते. मी गोळी घेतली, आरशात बघून स्वतःला बजावलं की काही झालेलं नाही, आणि आठ वाजता कॉलेजात आलो. तुम्ही नऊला येणार होतात. सगळं ठरलेलं होतं. आठला रक्त, तिथून शून्य तास धरायचा, मग ठरल्या ठरल्या तासाला आठ-आठ माद्या बाहेर काढून बर्फावर निपचित करायच्या आणि बारीक कात्रीनं डोकी उडवायची. हात घातला नसता तर ती खेप वाया गेली असती, आणि दिवाळीपर्यंत आठवडेच किती उरले होते? मी चिठ्ठी वाचली. खरंच वाचली, बाई. आणि हात घातला.

चाळीस माद्या होत्या. मी हात काढला, नाडी ओढली आणि तेवढ्यात आईचा फोन आला. सोयाबीन काढायला माणसं मिळेनात, तू येतो का. फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरून मी गाठ मारली. एक मारली की दोन, ते मला आजही आठवत नाही. किती वेळा डोळे मिटून ते हात समोर आणले. कधी दोन दिसतात, कधी एक.

ताप चढत होता. तुम्हाला फोन करून मी म्हणालो, "बाई, आईनं बोलावलंय. मी गावाकडं जाऊन येतो, माद्यांचं जेवण झालं." तुम्ही म्हणालात, "जा बिनघोर. मी करते सगळं." मी गावाला गेलो नाही. खोलीवर जाऊन गोधडी घेऊन पडलो. रविवारी रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. हलकाच होता. सलाइनसुद्धा लागलं नाही.

रविवारीच तुम्हाला सांगायला हवं होतं. मोबाइल हातात घेतलाही होता. मग मनात हिशेब केला, सोमवारपर्यंत सगळ्या चाळीसच्या चाळीस माद्या चिरून काचेवर जातील, एकही जिवंत राहणार नाही. आणि ताजं रक्त प्यालेली मादी लगेच काही रोग देत नाही, तिच्या अंगात तो मुरायला आठ-दहा दिवस लागतात. मग सांगून काय होणार? तुम्ही ती खेप बाद धराल, एवढंच होईल. तुमच्या भल्यासाठीच गप्प बसतोय असं मी स्वतःला पटवलं, आणि ते मला पटलंसुद्धा. माणूस आजारी असला की त्याला सोयीचं लवकर पटतं.

बुधवारी मी आलो. तुम्ही खोलीत एकट्या स्टुलावर बसला होतात. डावा हात टेबलावर उघडा पसरलेला, उजव्या हातात डास ओढून घ्यायची काचेची नळी, तिचं रबरी टोक तोंडाशी. मी थट्टेनं विचारलं की हात वाळत घातलाय का. तुम्ही डोळ्यांनीच गप्प बसायला सांगितलंत. माझ्या मनानं तेवढ्यात उचल खाल्ली. वाटलं, आत्ता सांगून टाकू.

"बाई, एक सांगायचं होतं."

"हलू नको," तुम्ही म्हणालात.

मनगटावर एक मादी बसली होती. तुम्ही नळी टेकवलीत, अलगद ओढून घेतलीत आणि बूच लावलंत. मी विचारलं, ही कुठली. जाळीतून शिरली असेल एखादी, असं म्हणून तुम्ही नळी खिडकीकडे धरलीत. मग माझ्याकडे वळलात. "हं, काय सांगून राह्यला होता?"

तेवढ्यात खोलीच्या चावीची विचारणा करायला ऑफिसातून शिपाई आला. तुमचा चेहरा उतरला. मी म्हणालो, काही नाही, आईनं तुमच्यासाठी चटणी दिलीय, आणायची विसरलो. चटणी दिलेली नव्हती. नंतर आईकडून मुद्दाम करून मागवली, खोटं पडू नये म्हणून. तुम्ही डब्यावर ताव मारलात आणि आईला फोन करून शाबासकी दिलीत. आई मला म्हणाली, "बाई म्हणत्यात त्या शुक्रवारी तू घरी होता रे, तू तर गेल्या म्हैन्यात आल्ता."

त्यानंतरही रोज तुम्ही हात उघडा टाकून बसायचात. मला वाटायचं दमलात, वय झालं. एकदा तर मी खोलीतला पंखा तुमच्याकडे वळवला. तुम्ही उठून तो बंद केलात.

मग तुम्हाला ताप आला. अंगभर पुरळ आलं, प्लेटलेट घसरल्या, काकांनी तुम्हाला संभाजीनगरला हलवलं. डॉक्टरांनी विचारलं, घराच्या आसपास कोणी आजारी आहे का. होते, तुमच्या गल्लीत दोन-तीन घरांत रुग्ण होते. काकांनी तो निळा ड्रम त्याच दिवशी फोडून टाकला. मी त्यांच्या शेजारी उभा होतो आणि जीव मुठीत धरून मनातल्या मनात म्हणत होतो, ड्रमातलाच असू दे. एखाद्या ड्रमाला इतक्या कळवळ्यानं कोणी दोष दिला नसेल.

तुम्हाला शेवटचं भेटलो तेव्हा तुमचे ओठ सुकले होते. मी वाकलो. तुम्ही म्हणालात, "दत्ता, बशीतलं पाणी ओतून टाक." सिस्टरनं सांगितलं की तापात असं बोलतात. मीही मान हलवली आणि तुमच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात.

परवा काकांनी मला घरी बोलावलं. तुमच्या फोटोखाली कापडी पिशवी ठेवली होती, तीच, नवीन जालन्यातल्या बियाण्यांच्या दुकानातून मिळालेली, कपाशीचं बोंड छापलेली. म्हणाले, हे तुझ्याकडं राहू दे, मला यातलं काही कळत न्हाई. आत तुमची वही, ओढनळी आणि बूच लावलेली एक छोटी काचेची नळी. नळीवर चिकटपट्टी, पट्टीवर तुमच्या अक्षरात '६'.

वही मी दोन दिवस उघडली नाही. कपाटात ठेवली, काढली, परत ठेवली. आज सकाळी या खोलीत येऊन उघडली.

तुम्ही त्या शुक्रवारी नऊ वाजता लिहिलंय: नाडीला एकच गाठ, सैल. चाळीसपैकी चौतीस. सहा बाहेर. जाळी शाबूत, म्हणजे खोलीतच.

खाली, थोड्या वेगळ्या शाईत: दत्ताला कळवायचं नाही. घाबरट आहे, गाठीचं मनाला लावून घेईल. पोट भरलेल्या आहेत, अंडी होईपर्यंत येणार नाहीत. चौथ्या दिवसापासून बसावं.

बाई, तुम्ही त्यांची वाट बघत बसला होतात. फळ्यावर शिकवलेलं सगळं वापरून. आधी बसून उपयोग नाही, अंडी घालून मोकळ्या झाल्या की भुकेनं आपणच येतील, तेव्हा हात उघडा ठेवायचा. काळ्या बशीत पाणी ठेवलं होतंत, कडेला कागद लावून, म्हणजे अंडी घातली की कळेल. चौथ्या दिवशी दोन सापडल्या. पाचव्या दिवशी, म्हणजे त्या बुधवारी, तीन. त्यांतली एक मी बघितली. नवव्या दिवशी लिहिलंय: बशीत पुन्हा ताजी अंडी. म्हणजे सहावी आहे, आणि मधे जेवली आहे. मलाच चावली असणार, कळलं नाही. हात म्हातारा झाला.

पुढचे चार दिवस नुसतं 'बसले, नाही आली.' चौदाव्या दिवशी: आली. डाव्या मनगटावर. लगेच ओढली नाही, पोटभर पिऊ दिलं. दोन खेपा झालेल्या मादीत तिसऱ्या खेपेची तयारी कशी होते ते बघायला मिळेल. मग पकडली. चिरायचा धीर झाला नाही, फार दमवलं बाईनं. थंडीत ठेवून मारली, नळीत जपून ठेवली.

चौदा दिवस. तिच्या अंगात तो मुरायला जेवढे पुरतात त्याहून जास्तच. आणि मग पाचव्या दिवशी तुम्हाला ताप.

तुम्हाला तापाचं माहीत असतं तर तुम्ही हात उघडा टाकला नसता. उदबत्तीचा धूर केला असता, खोली कोंडून महिनाभर दार उघडलं नसतं, आणखी काही केलं असतं. मला गाठीचं माहीत असतं तर मी त्याच मिनिटाला तापाचं बोललो असतो. तुम्ही मला जपायला गप्प बसलात, मी तुम्हाला. तुमचं गप्प बसणं मला समजतं. माझ्या गप्प बसण्याची मला लाज वाटते. रविवारी सांगितलं असतं तर चाललं असतं, बुधवारीही चाललं असतं, त्यानंतरचे कितीतरी दिवस चाललं असतं. ती घडी तुम्ही डासांत शोधत होतात आणि माझ्यासमोरून रोज जात होती.

वही मिटली आणि बशी शोधली. टेबलाखाली मागच्या कोपऱ्यात होती, पाणी आटलं होतं, कागदाला काळी अंडी चिकटलेली. एवढीशी, मोहरीहून बारीक. तुम्ही तापात बडबडला नव्हतात. अंडी कोरडी महिनोन् महिने टिकतात हे तुम्हीच शिकवलेलं, आणि तुम्हाला त्या खाटेवरही त्याचीच काळजी. मी कागद उकळत्या पाण्यात टाकला. बशी तीनदा उकळली.

मग काकांकडे गेलो. पायरीवर उभा राहून सगळं सांगितलं, आत गेलो असतो तर त्यांनी चहा टाकला असता आणि मग माझ्यानं सांगणं झालं नसतं. ते दाराला धरून ऐकत होते.

"ताप होता तरी हात घातला तू?"

"हो."

"काहून?"

"खोली जाणार होती, काका."

मग म्हणाले, ती बी तेच म्हणून राह्यली होती, खोली जाणार, खोली जाणार. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. अंगणात ड्रमाचे निळे टवके अजून पडले होते. ते त्यांनी चपलेनं एका बाजूला सारले. मी सांगितलं की त्या नळीतली मादी तपासता येईल. तुमचाच एक जुना विद्यार्थी पुण्यात विषाणूंच्या प्रयोगशाळेत आहे, मेलेल्या डासाच्या अंगातही विषाणूची खूण कधीकधी सापडते. नाही पाठवली तर ड्रमातला की पिंजऱ्यातला हे कोणालाच कळणार नाही, असंही सांगितलं. ते सांगताना माझा आवाज जरा आशेनं चढला असावा, कारण त्यांनी मान वर केली.

"पाठव," ते म्हणाले. "तिनं ते फेकायसाठी ठेवलं न्हाई. आणि आता तू जा दत्ता. माझ्यानं तुझ्याशी बोलणं व्हईना."

त्यांनी दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं. बाई, मला कोणी माफ करावं म्हणून हे लिहीत नाही. काकांनी करू नये आत्ताच, आणि तुम्ही असता तर हसण्यावारी नेलं असतंत, तेही नको.

तुमच्याकडून काय काय घेतलं ते सांगायचंच राहिलं. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा अंडाशय दाखवलंत तेव्हा मी डोळा काढायला तयार नव्हतो. माझ्या घरात तोवर कोणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं, आणि तुम्ही मला विचारत होतात, तुला काय दिसतं? काय दिसायला पाहिजे असं विचारलं नाहीत. मला आयुष्यात कोणी तसं विचारलं नव्हतं. त्याची परतफेड मी कशानं केली ते वहीत आहे.

पार्सल तयार आहे. नळी कापसात गुंडाळली, डबीत घातली, डबीभोवती बर्फाची पिशवी. पुण्याहून उत्तर यायला किती दिवस लागतील माहीत नाही. तोवर मी सकाळी उठेन, मुलांना शिकवेन, फोन वाजला की दचकेन. उत्तर 'नाही' आलं तर बरं वाटेल, आणि बरं वाटल्याची शरम वाटेल. 'हो' आलं तर काय होईल ते मला आत्ता सांगता येत नाही.

फक्त एक काम राहिलं होतं. तुमच्या वहीत प्रत्येक मादीला एक ओळ. क्रमांक, वेळ, रक्त कोणाचं, अंडी किती आणि शेवटी शेरा. शेरा रिकामा सोडलेला तुम्हाला खपत नसे. काही घडलं नसेल तर 'काही नाही' लिहायचं, पण लिहायचं, असं म्हणून तुम्ही माझी वही कितीदा परत केलीत. सहाव्या मादीच्या ओळीत तुम्ही सगळं भरलंय. पहिलं रक्त, दत्ता. दुसरं, बहुधा मी. तिसरं, मी. शेऱ्याच्या जागी काही नाही. तुमच्याकडे लिहायला काही नव्हतं. ते माझ्याकडे होतं.

मी तुमचंच लाल पेन घेतलं आणि तिथं लिहिलं: शून्य तास, शुक्रवार सकाळी आठ. रक्त देणाऱ्याला ताप होता. त्याला माहीत होतं. खाली सही केली, दत्ता.